‘पडल’ म्हणजे डबकं, आणि डबकं म्हणजे?

पत्र थोडक्यात असं आहे :

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका आईनं लिहिलंय. त्या मराठी माध्यमातून बारावी झाल्या आहेत आणि घरातून पोळी-भाजीचे डबे देतात. यजमानांची नोकरी लांब, घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. सासूबाई सोबत असतात, मूळच्या कुडाळकडच्या. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, यंदा दुसरीत गेला. जूनमध्ये शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच बाईंनी डायरीत लिहून पाठवलं : मुलाला इंग्रजी शब्द कमी येतात, घरी त्याच्याशी इंग्रजीत बोला. त्या दिवसापासून आईनं एक वही केली आहे. मोबाइलवर अर्थ शोधायचे, रोज वीस शब्द लिहायचे, डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्या रकान्यात मराठी, आणि झोपायच्या आधी म्हणून घ्यायचे. मुलगा घडाघडा म्हणतो. पण परवा शाळेतून येताना फुटपाथवर साचलेल्या पाण्यात पाय आपटत त्यानं विचारलं, “आई, ह्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?” आदल्याच रात्री ‘पडल म्हणजे डबकं’ असं त्यानं दहा वेळा म्हटलं होतं.

त्या विचारतात : घरातलं मराठी बंद करायचं का, आणि करायचं तर सासूबाईंना ते कुठल्या तोंडानं सांगायचं? यजमान म्हणतात तसे अर्थही इंग्रजीतच सांगायला हवेत का? आपलंच इंग्रजी कच्चं असताना मुलाला कळतील असे सोपे अर्थ आणायचे कुठून? आणि महिन्याला बाराशे रुपयांची ट्यूशन लावावी का? सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत.

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फुटपाथवर येऊन थांबले. तुम्हाला वाटलं, महिन्याभराची मेहनत वाया गेली. मला वेगळं दिसलं. मुलाच्या पायाखाली पाणी होतं, ते उडवायला त्याला मजा येत होती, आणि त्या मजेचं इंग्रजी नाव त्याला आपणहून हवं होतं. शब्द शिकायला याहून चांगली वेळ येत नाही. मी एकतीस वर्षं महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलानं स्वतःहून “ह्याला काय म्हणतात?” असं विचारलं की तो शब्द त्याच्याकडे राहतोच, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

मग आदल्या रात्री पाठ केलेलं कुठे गेलं? तुमच्या वहीचं पान समोर ठेवून मी विचार केला. ‘पडल’समोर ‘डबकं’ लिहिलंय. आता आठवून सांगा, तुमच्या घरात ‘डबकं’ हा शब्द शेवटचा कोणी आणि कधी उच्चारला? आपण म्हणतो, पाणी साचलंय. पाणी भरलंय. हिंदमाताला पाणी भरलं, गाड्या वळवल्यात. चाळीच्या आवारातल्या फरशीवरच्या त्या पाण्याला तुमच्या लेकानं ‘डबकं’ म्हणताना कोणाला ऐकलेलंच नसेल. म्हणजे त्या रात्री त्यानं एका अनोळखी शब्दाच्या शेजारी दुसरा अनोळखी शब्द पाठ केला. दोन्ही शब्द एकमेकांना घट्ट बांधले गेले, पण त्यातला एकही पाण्याला बांधला गेला नाही.

तुमच्या पानावर असे आणखीही आहेत. क्युरियस : जिज्ञासू. रिमाइंड : स्मरण करून देणे. जेंटल : सौम्य. इनफ : पुरेसे. हे अर्थ चुकीचे नाहीत, मोठ्या माणसाला चालतील. पण सात वर्षांच्या मुलाला ‘जिज्ञासू’ हा ‘क्युरियस’पेक्षा अवघड शब्द आहे. मोबाइल जे मराठी देतो ते सरकारी पत्रातलं मराठी असतं, तुमच्या घरातलं नसतं. घरातलं मराठी तुम्हाला येतं, सासूबाईंना तर तुमच्याहून जास्त येतं. तेव्हा पहिली गोष्ट ही की तुमच्याकडे इंग्रजी कमी आहे म्हणून हे अडलेलं नाही. तुम्ही स्वतःचं मराठी बाजूला ठेवून मोबाइलचं मराठी वापरायला लागलात, तिथे अडलंय.

आता तेच शब्द घरातल्या भाषेत सांगून बघू. आजी बाजारातून आल्या की “काय आणलंस, काय आणलंस” करत तो पिशवीत डोकावतो ना? तेव्हा तो क्युरियस असतो. “बाबांना फोन करून आठवण कर, येताना दूध आणायचंय” हे झालं रिमाइंड. मांजरीच्या पिल्लाला हात लावताना आपण म्हणतो, “हळू रे, त्याला दुखेल”. ते हळू म्हणजे जेंटल. आणि इनफ तर रोज पानावर बसल्यावर होतं. तुम्ही भात वाढताय आणि तो हात आडवा धरून म्हणतो, “पुरे, पुरे!” तिथेच त्याला सांगायचं, इनफ. उद्यापासून हात आडवा धरून इनफ म्हण. चार दिवसांत तो आजीला पण इनफ म्हणेल.

अर्थ हा शब्दापेक्षा सोपाच असला पाहिजे. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते, पण ती पाळणारे शब्दकोश इंग्रजीतही फार जुने नाहीत. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ गेल्या शतकाच्या सुरुवातीला ढाक्यात शिक्षण खात्यात होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना नेमकी कुठे अडखळतात ते त्यांनी वर्गात पाहिलं होतं. पुढे १९३५ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर परभाषक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दकोश काढला, आणि त्यातले हजारो अर्थ फक्त १४९० सोप्या शब्दांत बसवले. आधी सोपे शब्द ठरवले, मग त्यांच्या बाहेर पाय टाकायचा नाही असं ठरवून काम केलं. लाँगमनच्या १९७८ सालच्या विद्यार्थी कोशात हीच मर्यादा साधारण दोन हजार शब्दांची होती. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या गटानं आणखी एक पाऊल टाकलं. कोबिल्ड नावाच्या त्यांच्या कोशात अर्थ एका शब्दात येत नाही, पूर्ण वाक्यात येतो. कोणी समोर बसून समजावून सांगावं तसा : तुम्ही अमुक केलं, की त्याला तमुक म्हणतात. तुम्ही आत्ता पानावर भात वाढताना ‘इनफ’ सांगाल, तेव्हा याच पद्धतीनं सांगाल. फक्त मराठीत.

यजमानांचं म्हणणं इथेच घेते. अर्थ इंग्रजीतून सांगावेत ही गोष्ट खरी आहे, पण ती पुढची पायरी आहे. मुलाजवळ चार-पाचशे इंग्रजी शब्द पक्के झाले की नव्या शब्दाचा अर्थ जुन्या शब्दांत सांगता येतो. ‘इफ यू बॉरो अ पेन, यू यूज इट अँड गिव्ह इट बॅक’ हे वाक्य कळायला यूज, गिव्ह, बॅक हे आधी हातात असावे लागतात. आज ते नसतील, तर इंग्रजी अर्थ म्हणजे पुन्हा ‘जिज्ञासू’च. दिवाळीनंतर हळूहळू सुरू करा. वडील रात्री दहाला येत असले तरी रविवारी घरी असतात ना? रविवारचे दोन शब्द त्यांनी इंग्रजीतून समजावून सांगायचे. त्यांनाही कळेल की सोप्या शब्दांत सांगणं किती कष्टाचं असतं.

तुम्ही लिहिलंत, “माझ्या कामात इंग्रजीचा काय संबंध, दिवसभर मी पोळ्या लाटते.” ताई, मला तर तुमचा ओटा म्हणजे शब्दांची खाण वाटते. कणीक मळता ते नीड. पोळी लाटता ते रोल. बटाटा सोलता ते पील, गाजर किसता ते ग्रेट, आमटी ढवळता ते स्टर, डबे विसळता ते रिन्स. नुसतं ‘वॉश’ म्हटलं तर धुणं आणि विसळणं एकच होऊन जातं. मराठीत आपण ते वेगळं ठेवतो आणि इंग्रजीतही ते वेगळंच आहे. तसंच सांडणं आणि ओतणं. पाणी चुकून गेलं तर स्पिल, मुद्दाम घातलं तर पोअर. हा फरक तुमच्या मुलाला मराठीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळला होता, कारण सांडल्यावर ओरडा बसतो आणि ओतल्यावर बसत नाही. तो फरक त्याला नव्यानं शिकवायचा नाहीये, त्यावर फक्त इंग्रजी नाव ठेवायचंय. कामं आहेत, हात आहेत, वस्तू समोर आहे, वाक्यसुद्धा नको. मळताना त्याला एकदा कणकेत हात घालू द्या आणि म्हणा, नीड. उच्चाराची शंका असेल तर मोबाइलवर ऐका. मोबाइल या कामाला फार चांगला आहे.

तुमच्या पानावर ‘फेच : जाऊन आणणे’ असं आहे. त्यावरून मला माझा एक वर्ग आठवला. दुसरीचाच. फळ्यावर मीही हेच लिहिलं होतं आणि मुलांनी सुरात म्हटलंही होतं. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीला म्हटलं, “फेच द चॉक.” खडू माझ्या टेबलावरच होता. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “हे फेच नाही झालं.” ती गोंधळली. मी खडूची पेटी व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ ठेवून आले आणि पुन्हा म्हटलं, “फेच द चॉक.” ती पळत गेली, पेटी घेऊन पळत आली, आणि दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, म्हणजे आधी जायचं! जायचं आणि परत यायचं!” नुसतं आणणं म्हणजे ब्रिंग; रिकाम्या हातानं जाऊन घेऊन येणं म्हणजे फेच. ‘जाऊन’ हा शब्द फळ्यावर होता, तिनं दहा वेळा म्हटला होता, तरी तो तिला पायांनी कळला. त्यानंतर आठवडाभर तो वर्ग डस्टर फेच करायला, हजेरीपट फेच करायला भांडत होता. त्या दिवसापासून क्रियापदाचा अर्थ मी फळ्यावर लिहिणं सोडलं. आधी करायला लावायचं, मग लिहायचं. त्याआधीच्या कित्येक वर्गांना मी नुसतं पाठ करायला लावलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बॉरो आणि लेंड या जोडीचंही असंच आहे. उसने घेणे, उसने देणे असं तुम्ही लिहिलंत. पण हल्लीच्या मुलांच्या कानावर ‘उसनं’ फारसं येत नाही, आणि आलं तरी दोन्हीकडे तोच शब्द असल्यामुळे ती घोटाळा करतात. तुम्हाला गणपती जवळ आहेत. शेजारच्या वहिनींचं मोदकपात्र आणायला त्याला पाठवा. वस्तू आपल्याकडे येतेय, काम झालं की परत द्यायचीय : वुई बॉरो. वहिनी देतायत : शी लेंड्स. मग पुढच्या आठवड्यात ते परत करायलाही त्यालाच पाठवा. पात्र रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात चार मोदक ठेवाल, तेही त्याच्या लक्षात राहील.

आता वहीतल्या अशा शब्दांकडे येते, जे लिहायलाच नको होते. ‘द : तो, ती, ते.’ हे आजच खोडून टाका. ‘द’ला मराठीत अर्थ नाही. हा शब्द सुटा शिकवायचाच नसतो. ‘द सन’, ‘द डोअर’ असं ऐकत ऐकत कानाला सवय होते. इन, ऑन, अॅट, ऑफ यांचंही तसंच. चेंडू डब्यात ठेवा, डब्यावर ठेवा, डब्याखाली ठेवा आणि बोला. ‘हॅव’ तर मराठी मुलांचा हमखास घोटाळा. आपल्याकडे त्या अर्थाचं क्रियापदच नाही, आपण ‘आहे’वर भागवतो. माझ्याकडे सायकल आहे. मला बहीण आहे. मला ताप आहे. इंग्रजीत तिन्हीकडे ‘आय हॅव’. तुम्ही ‘हॅव : असणे’ असं पाठ करून घेतलंत की मूल सरळ ‘माय नियर इज अ बॅग’ असं वाक्य करतं. माझ्या वर्गात दरवर्षी दोघं-तिघं तरी करायची. ती मुलं कच्ची नव्हती. आपण दिलेल्या अर्थावर विश्वास ठेवून त्यांनी बरोबर हिशेब केला होता. ‘आय हॅव’ हा एकच शब्द आहे असं समजून, स्वतःच्या वस्तू दाखवत म्हणू द्या. आय हॅव अ बॅग. आय हॅव अ डबा. हो, डबा म्हटलं तरी चालेल. वाक्य मोडता कामा नये, एखादा शब्द मराठीत आला तर काही बिघडत नाही.

‘लाइट : प्रकाश’ हेही बघा. पुढच्याच धड्यात ‘द बॅग इज लाइट’, म्हणजे दप्तर हलकं आहे, असं आलं तर? दप्तर प्रकाश आहे असं होईल. म्हणून अर्थ शब्दाचा शोधू नका, धड्यातल्या वाक्यातला शोधा. शिवाय ‘लाइट’ तर तुमच्या मुलाला आधीपासून येतो, पण मराठी म्हणून : “लाइट गेली.” आपल्या बोलण्यात असे कितीतरी इंग्रजी शब्द राहायला आलेत आणि त्यांनी थोडं रूप बदललंय. आपला ग्लास स्टीलचा असतो. इंग्रजीत ‘ग्लास’ म्हणजे आधी काच. आपल्या ‘हॉटेला’त चहा-वडा मिळतो, इंग्रजीतल्या हॉटेलात लोक मुक्कामाला राहतात. ‘कॉपी केली’ म्हणजे आपल्याकडे परीक्षेत बघून लिहिलं, आणि शाळेतल्या बाई म्हणतात, “कॉपी फ्रॉम द बोर्ड.” पहिल्याच महिन्यात माझ्या वर्गातला एक मुलगा यावरून रडला होता. त्याला वाटलं, बाई आपल्याला चोर म्हणतायत. असे शब्द मूल ‘मला येतो’ म्हणून सोडून देतं, म्हणून तेच आधी घ्या. रात्री बसून घरातले असे दहा शब्द दोघांनी मिळून शोधा. त्याला तो खेळ आवडेल, कारण सुरुवातीलाच दहा शब्द ‘आलेले’ असतात.

बाहेर पडलात की कान उघडे ठेवा. करी रोडहून लोकलनं कुठे गेलात तर स्टेशनाचं नाव तीन भाषांत ऐकू येतं, पाटीवर तीन भाषांत दिसतं. ‘पुढील स्टेशन’ आणि ‘नेक्स्ट स्टेशन’ तो तुमच्या कडेवर होता तेव्हापासून ऐकतोय. ‘नेक्स्ट’चा अर्थ त्याला कोणी कधी सांगितला नसेल, तरी विचारून बघा, येतो की नाही. प्लॅटफॉर्म आणि गाडीमधली फट दाखवून ‘गॅप’ म्हणा. तुमचा हात घट्ट धरून त्यानं ती ओलांडलीय, विसरणार नाही. मग त्याचा पुढचा दात पडला की तिथेही गॅप! बसच्या पाट्याही वाचा. बसमधल्या कंडक्टरला मराठीत ‘वाहक’ म्हणतात. पुढे विज्ञानात तांब्याच्या तारेला ‘कंडक्टर’ म्हणतील तेव्हा मराठी पुस्तकात तिथेही ‘वाहक’च असतो. एक माणसांना पोचवतो, एक विजेला. हे आज नको, चार-पाच वर्षांनी उपयोगी पडेल.

आता तुमचा सगळ्यात जड प्रश्न. घरातलं मराठी बंद करायचं का?

करू नका. आजींच्या बाबतीत तर मुळीच नको. तुमच्या मुलाला सांडणं-ओतणं, हळू, पुरे, गळणं, चिंचोळं, कोमट हे सगळं आधी कळलं म्हणून त्यावर इंग्रजी नाव बसणार आहे. खालचं कळणंच काढून घेतलं तर नाव कशावर ठेवाल? हे माझं एकटीचं मत नाही. युनेस्कोनं १९५३ सालच्या अहवालात मुलाच्या शिक्षणाचं सर्वांत चांगलं माध्यम मातृभाषा असं स्पष्ट म्हटलं होतं. आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावं असं आहे. तुम्ही इंग्रजी शाळा निवडलीत, त्यात गैर काही नाही. पण मग मातृभाषेचा तो वाटा शाळा देणार नाही, घरालाच द्यावा लागेल. आजी दुपारी ज्या गोष्टी सांगतात, तो तुमच्या मुलाचा मोठा शब्दसंग्रह आहे. त्यात मालवणी आहे म्हणून कानकोंडं होऊ नका.

उलट आजींना कामाला लावा. संध्याकाळी दिवा लावून झाला की मुलानं त्यांना आजचे शब्द शिकवायचे. आजींनी फक्त विचारायचं, “म्हंजे काय रे?” तो सांगेल, हातवारे करेल, चिडेल, पुन्हा सांगेल. आजींना खरंच माहीत नसतं, त्यामुळे ती परीक्षा वाटत नाही. तुम्ही विचारलंत की त्याला वाटतं, आईला उत्तर ठाऊक आहे, ती तपासतेय. ज्या शब्दाचा अर्थ त्याला आजीला समजावता आला तो पक्का; समजावता आला नाही तो उद्या पुन्हा.

बाईंवर रागावू नका. त्यांच्या वर्गात पन्नास मुलं असतील. त्यांना मूल गप्प बसलेलं दिसतं आणि त्या काळजीनंच लिहितात. त्यांना भेटा, मराठीत बोललात तरी हरकत नाही. एवढंच मागा : पुढच्या आठवड्यात जो धडा होणार आहे त्यातले सात-आठ शब्द आधी कळवाल का? शाळेच्या आधी शब्द ओळखीचे झाले की मूल वर्गात तोंड उघडतं. आणि ‘घरी इंग्रजी’ ही त्यांची मागणी तुम्ही अर्धी पुरी करू शकता. रोज वीस मिनिटं, एका ठरलेल्या खेळापुरती. ल्युडो किंवा पत्ते. “युअर टर्न”, “माय टर्न”, “थ्रो”, “वेट”, “यू विन” एवढ्यावर अख्खा डाव होतो. खेळ संपला की पुन्हा आपलं मराठी. त्या वीस मिनिटांत तुमचं चुकलं तर चुकू द्या. आई चुकते, हसते आणि पुढे जाते, हे बघितलेलं मूल वर्गात चुकायला घाबरत नाही.

ट्यूशन नको. दुसरीच्या मुलाला शब्दांसाठी तर नकोच. त्या बाराशेतले दोनशे घेऊन महिन्यातून एकदा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे जा आणि मोठ्या चित्रांची, पानावर एक-दोन ओळी असलेली पुस्तकं त्याला स्वतःला निवडू द्या. शाळा बदलून मराठी किंवा सेमी-इंग्रजीत घालावं का, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो चांगला पर्याय आहे. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहेच. पण एका डायरीतल्या शेऱ्यामुळे, मध्येच, घाबरून असा निर्णय घेऊ नका. मार्चमध्ये, शांतपणे, तिघांनी बसून ठरवा.

वही फेकू नका, फक्त तिची रचना बदला. रोज वीस नाही, चार शब्द. मधली रेघ काढून टाका. एका शब्दाला अर्धं पान : वर शब्द, खाली त्यानं काढलेलं चित्र, चित्राखाली त्याच्याच तोंडचं एक वाक्य, मराठीत चालेल, घरात खरंच घडलेलं. ‘स्पिल. काल माझ्याकडून आजीचा चहा सांडला.’ चार दिवसांनी मागे जाऊन चित्र झाकून विचारायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आठवड्याला पंचवीसेक शब्द होतात आणि ते राहतात. मध्ये एखादा दिवस डब्यांच्या गडबडीत गेला तर गेला.

त्याला एखाद्या दिवशी हेही सांगा की इंग्रजी सगळीकडे वरचढ नाही. हाताचं बोट फिंगर आणि पायाचं बोट टो, पाऊल फूट आणि वरचा पाय लेग, खायचा बर्फ आइस आणि आभाळातून पडणारा स्नो, इथे त्यांनी बारकाई केलीय. पण डब्यातले तांदूळ आणि ताटातला भात, दोन्ही त्यांना राइसच! काका, मामा, आत्याचे यजमान सगळे अंकल. आणि साप मारणारं ते मुंगूस? इंग्रजांनी त्याचं नाव आपल्याकडूनच नेलं आणि ‘माँगूस’ केलं. माझ्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही ताठ बसायची.

एक काम आजच करा, पाऊस आहे तोवर. वहीतलं ‘डबकं’ खोडा. संध्याकाळी त्याला खाली आवारात न्या, साचलेलं पाणी बघून उभं राहा आणि म्हणा, “हे बघ, पडल.” त्यानं उडी मारली तर ‘स्प्लॅश’ पण सांगून टाका. वर आल्यावर चित्र त्याला काढू द्या. आणि बूट ओले करून आला म्हणून त्या दिवशी तरी रागावू नका. चुलीपाशी, म्हणजे गॅसच्या शेगडीपाशी, सकाळपर्यंत वाळतात.

तुमची,
ताई